इन्स्टाग्राम सोडायचं? आधी दोन वर्षांची बिलं काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये घरून काम करणाऱ्या एका तरुण इलस्ट्रेटर ताईंना इन्स्टाग्राम कायमचं बंद करायचंय. लग्नपत्रिका, मालाची लेबलं आणि दोन-तीन व्यावसायिकांची सोशल मीडियाची पानं सांभाळणं असं त्यांचं मिळून काम आहे. फॉलोअर दहा हजारांच्या वर. आठवड्यातले दोन दिवस रील करण्यात जातात, रात्री झोपताना व्ह्यूज पाहिले जातात, आणि एवढं करून चौकशी येते ती बहुतेकदा ‘प्राइस प्लीज’ एवढीच. बंद केलं तर कामं आटतील अशी धास्ती आहे, चालू ठेवलं तर चित्र काढायलाच वेळ उरणार नाही असंही वाटतंय, आणि परक्याच्या जागेवर धंदा उभा केल्याची भीती आहे ती वेगळीच.

ताई, तुमच्या प्रश्नात फॉलोअर आहेत, व्ह्यूज आहेत, रात्रीची झोप आहे. पैसे कुणी दिले, हे मात्र कुठेच नाही. मी याच शहरात बरीच वर्षं डिझाईन करतोय, पॅकेजिंग आणि कंपन्यांचे कॅटलॉग हे मुख्य काम, आणि हा प्रश्न मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बिलांची फाईल उघडलेली नसते. ती न बघता मी हो किंवा नाही म्हटलं, तर ते माझ्या स्वभावाचं उत्तर होईल, तुमच्या धंद्याचं नव्हे.

म्हणून आधी एक काम करा. मागच्या दोन आर्थिक वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा. ज्या कंपन्यांनी टीडीएस कापला, त्यांची नावं आयकराच्या पोर्टलवर २६एएस या करकपातीच्या पत्रकात एकाखाली एक मिळतील. पत्रिकावाले काही टीडीएस कापत नाहीत, त्यांच्यासाठी यूपीआयचे व्यवहार चाळावे लागतील. मग वहीत चार रकाने आखा: पार्टीचं नाव, रक्कम, तुमचं नाव त्यांना पहिल्यांदा कुठून कळलं, आणि काम पक्कं करण्याआधी त्यांनी तुमचं काय पाहिलं. शेवटचे दोन रकाने अंदाजाने भरू नका, फोन करा. ‘सर, सहज विचारतेय, माझा नंबर तुम्हाला कुणाकडून मिळाला होता?’ आपल्याकडे या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. उलट माणूस दहा मिनिटं बोलतो, आणि बोलता बोलता एखादं अडकलेलं काम आठवतं ते वेगळंच.

ज्यांच्या ज्यांच्याबरोबर बसून मी हे रकाने भरलेत, त्यांच्या वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. तिसऱ्या रकान्यात माणसं असतात: मेन रोडचा ऑफसेटवाला, अंबडमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणारा, कुणाचा तरी सीए, मंगल कार्यालयाचा डेकोरेटर, शाळेतली मैत्रीण. इन्स्टाग्राम येतं ते चौथ्या रकान्यात. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराला खोकेवाल्याने तुमचं नाव सांगितलं, त्याने तिथेच उभ्या उभ्या प्रोफाइल उघडलं, वरच्या सहा-सात पोस्ट पाहिल्या आणि फोन लावला. त्याने तुमचं एकही रील बघितलेलं नसतं, फॉलो करणं तर लांबच. मग यात इन्स्टाग्रामचा वाटा आहे का? आहे. पण तो आठवड्याला दोन दिवस मागण्याइतका नाही. त्याने पाहिलेली सहा-सात कामं वर्षभरापूर्वी टाकलेली असती, तरी त्याने फोन केलाच असता. दुकानाला पाटी लागते, ती रोज रंगवावी लागत नाही.

सगळ्यांचं असंच असतं असं मात्र नाही. मेकअप, मेंदी, केक, लग्नाची फोटोग्राफी, या धंद्यांत गिऱ्हाईक निवड करतं ते फोनवर बोट फिरवतच. नवरी मुलगी चार मैत्रिणींना लिंक पाठवते आणि तिथेच ठरतं. त्यांना मी ‘सोडा’ असं कधीच सांगणार नाही, डोकं कितीही उठलं असलं तरी. तुमचं पत्रिकांचं काम या लोकांच्या जवळचं आहे. नवरा-नवरीचं चित्र काढलेली पत्रिका किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारी व्हिडिओ पत्रिका बघून आवडते आणि मग मागवली जाते. पुण्या-मुंबईहून किंवा बाहेरदेशातून आलेल्या ऑर्डर असतील, तर त्या इन्स्टाग्रामवरूनच आलेल्या असण्याची शक्यता मोठी. लेबलांचं तसं नाही. म्हणजे तुमच्या वहीत दोन वेगळे धंदे निघतील. त्यांची बेरीज वेगवेगळी करा, आणि समोर लागलेले तासही लिहा, रीलचे तास धरून. पत्रिकेच्या रकमेतून ते तास वजा केल्यावर काय उरतं ते बघून पुष्कळांना धक्का बसतो.

माझा कल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला त्या हिशेबाने वाचता येईल. मी लेबलांच्या बाजूचा आहे. पत्रिकेचं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, येऊ नये अशीच आपण प्रार्थना करतो. घरात धाकटी बहीण लग्नाची असेल तर गोष्ट निराळी. द्राक्षाच्या पनेटचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डबीचं, लेबल मात्र दर हंगामाला बदलतं. नवा आयातदार येतो, त्याच्या देशाची भाषा येते, वजनाची ओळ बदलते, बारकोड बदलतो. एकदा त्या निर्यातदाराचा विश्वास बसला की पुढच्या वर्षी तो दुसरीकडे विचारायलाही जात नाही. अशा कामाला व्ह्यूज लागत नाहीत, वेळेवर फाईल लागते.

आता हेच दोन दिवस हातात आले तर काय करायचं? त्यातला निम्मा वेळ मी छापखान्यांत घालवीन. डिझायनरला सर्वात जास्त कामं प्रेसवाले देतात हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी तिकडे फिरकत नाही. प्रेसवाला तुमचं नाव का घेतो? तुमची फाईल त्याला त्रास देत नाही म्हणून. फॉन्ट कर्व्ह केलेले (अक्षरांचे आकार केलेले), ब्लीड म्हणजे कापणीसाठी कडेची जास्तीची जागा सोडलेली, रंग सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत, काळ्या मजकुरात चार रंगांची भेसळ नाही, डायलाईन म्हणजे कापायच्या-दुमडायच्या रेषा वेगळ्या लेयरवर. एवढं सांभाळलंत की तो त्याच्या पार्टीला आपण होऊन सांगतो, ‘डिझाईन त्या ताईंकडूनच करून आणा, म्हणजे मला डोकेदुखी नको.’ ही शिफारस कुठल्याही अल्गोरिदमच्या हातात नाही.

उरलेला वेळ चौथ्या रकान्यासाठी. तुमचं नाव ऐकल्यावर माणूस काहीतरी बघणारच, ते तुम्ही स्वतः तयार करून ठेवा. माझ्या मते सर्वात उपयोगी पडते ती साधी पीडीएफ. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यातला परचेसवाला तुम्हाला इन्स्टाग्रामचं हँडल विचारत नाही, तो म्हणतो, ‘प्रोफाइल पाठवून द्या.’ दहा-बारा पानं, पाच एमबीच्या आत, म्हणजे त्याच्या फोनवर लगेच उघडेल. एका पानावर एकच काम. खाली दोन ओळी: कुणासाठी केलं, अडचण काय होती, छपाई कशावर झाली. चकचकीत थ्रीडी मॉकअपपेक्षा कोल्ड स्टोरेजमध्ये रचून ठेवलेल्या खोक्यांचा मोबाईलवर काढलेला खरा फोटो जास्त काम करतो, कारण त्यातून माल खरोखर छापला गेला होता हे कळतं. पहिल्या आणि शेवटच्या पानावर नंबर हवा. फाईलचं नाव ‘फायनल-न्यू-२’ ठेवू नका. तुमचं नाव आणि काम लिहा, कारण ती फाईल तुम्हाला न विचारता पुढे चार जणांकडे जाते, आणि जायलाच हवी.

स्वतःच्या नावाचं डोमेन आणि एक पानाची वेबसाईट पुरे. तिच्यावर फार वेळ घालवू नका, मी बघितलेत लोक वर्षभर वेबसाईटच करत बसलेले. गुगल बिझनेस प्रोफाइल मात्र नक्की काढा. फुकट आहे, आणि घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. एकट्या काम करणाऱ्या बाईसाठी ही सोय महत्त्वाची आहे. पडताळणीसाठी बहुतेकदा व्हिडिओ मागतात, तेव्हा कामाची जागा आणि साहित्य दाखवावं लागतं. जुन्या ग्राहकांना अभिप्राय लिहायला सांगताना ‘पाच स्टार द्या’ एवढंच म्हणू नका, कोणतं काम केलं ते मराठीत दोन ओळी लिहा म्हणून सांगा. ‘गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग वर आणून देतो’ असे फोन येतील. ते ठेवून द्यायचे.

परक्याच्या जागेवर धंदा उभा करण्याची भीती तुम्ही बोलून दाखवली आहे, ती खोटी नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. जुलैतच इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं आणि सगळे तिकडे सरकले, पण फॉलोअर आपोआप सरकले नाहीत. ते पुन्हा एकापासून जमवावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन बदलून उभे आयत केले. ज्यांनी नऊ पोस्ट जोडून एक मोठं चित्र रचलं होतं, त्यांची मांडणी कुणाला न विचारता कापली गेली. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडली होती. आपल्याकडे तेव्हा रात्र होती म्हणून झळ कमी बसली. तेव्हा इन्स्टाग्राममधून उठून सगळा कारभार व्हॉट्सॲपवर नेला म्हणजे सुटलो, असं समजू नका. दोन्हींची मालक मेटाच आहे. पार्ट्यांची नावं, नंबर, ईमेल आणि शेवटचं काम कधी केलं याची एक एक्सेल स्वतःच्या लॅपटॉपवर असू द्या, आणि तिची एक प्रत दुसरीकडे.

आता कधी थांबायचं. इथे बहुतेक जण घाई करतात. महिनाभर पोस्ट टाकली नाही, कामं चालूच राहिली, म्हणून इन्स्टाग्रामचा काही उपयोग नव्हता असं जाहीर करून टाकतात. त्या महिन्यात आलेली कामं आधीच्या ओळखीची आणि आधीच्या पोस्टची असतात. आपल्या कामात नाव कानावर पडणं आणि ॲडव्हान्स येणं यात कित्येकदा सहा महिने जातात; बिल्डर असेल तर त्याहून जास्त. शिवाय नाशिकचं कामाचं वर्ष सपाट नाही. नवरात्र ते दिवाळी जाहिरातींची झुंबड, लगेच कॅलेंडर-डायऱ्या, त्याच सुमाराला द्राक्षाची लेबलं आणि खोके, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका, पुढे पाडवा आणि अक्षय्य तृतीयेला पुन्हा बिल्डर आणि सराफ. मग जून-जुलै सगळं थंड. त्या थंड महिन्यांत इन्स्टाग्राम बंद करून बघितलंत तर दोष कुणाचा, पावसाचा की तुमचा, हे कळणारच नाही.

म्हणून अक्षय्य तृतीया झाली की पोस्ट टाकणं थांबवा, खातं चालू ठेवा, आणि येणारी प्रत्येक चौकशी त्याच चार रकान्यांत लिहीत जा. पहिला हिशेब दिवाळीनंतर करा, पक्का निर्णय संक्रांतीच्या सुमारास. तोवर एक पूर्ण हंगाम हातून गेलेला असेल आणि बोलायला आकडे असतील. पत्रिकांची बाजू जास्त पडली तर लग्नसराईपुरती महिन्याला दोन पोस्ट टाका, रील नको. पूर्ण झालेल्या पत्रिकेचा नीट फोटो आणि खाली किंमत कुठून सुरू होते तो आकडा. किंमत लिहिली की ‘प्राइस प्लीज’वाले निम्मे कमी होतात, आणि जे उरतात ते ऑर्डर देणारे असतात. किंमत लिहिली तर गिऱ्हाईक पळेल असं पुष्कळांना वाटतं. पळणारं गिऱ्हाईक डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, तीन दिवस घेऊन मग पळतं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट, २०२७ चा सिंहस्थ. हॉटेलं, होम-स्टे, प्रवासी गाड्या, प्रसादाचं पॅकेजिंग, पाट्या, नकाशे, या सगळ्याला डिझाईन लागतं. ती कामं रील बघून वाटली जाणार नाहीत, ओळखीतून आणि एजन्सींमार्फत जातील. पण पंचवटीतल्या हॉटेलवाल्याला तुमचं नाव कुणी सांगितलं, तर तो आधी फोनवर शोधणारच. एवढ्यासाठी तरी तोवर खातं पुसू नका.

थांबलेलं खातं नीटनेटकं ठेवता येतं. तीन पोस्ट वर पिन करता येतात: एक लेबल, एक पत्रिका, आणि एक कामाची पद्धत व किंमत सांगणारी. बायोमध्ये स्पष्ट लिहा, ‘इथे नवीन पोस्ट नाहीत, कामासाठी फोन किंवा ईमेल.’ पीडीएफची आणि वेबसाईटची लिंक द्या. ॲप फोनमधून काढून टाका आणि आठवड्यातून एकदा लॅपटॉपवरून डीएम बघा. तुमच्या झोपेचा प्रश्न याच पायरीवर सुटतो. त्यासाठी अकरा हजार लोकांना निरोप द्यायची गरज नाही. निरोपाची मोठी पोस्ट तर मुळीच नको. ‘मी इथून जातेय’ म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं तुम्ही धंदाच बंद केला, आणि ती बातमी तुमच्यापेक्षा वेगाने फिरते.

त्याऐवजी जुन्या पार्ट्यांना एकेकाला मेसेज करा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. असं काहीतरी: ‘नमस्कार काका, मागच्या वर्षी आपल्या बेदाण्याच्या पाऊचचं काम केलं होतं. या हंगामात काही बदल असेल तर दिवाळीआधी सांगा, म्हणजे छपाईची घाई होणार नाही. माझं नवीन प्रोफाइल सोबत पाठवतेय.’ इन्स्टाग्रामचा उल्लेखही करायची गरज नाही. त्यांनी ते कधी मोजलेलंच नसतं.

एक नुकसान मात्र खरं आहे आणि ते वहीत दिसणार नाही. दुसऱ्या चित्रकारांची सोबत. घरात एकटं बसून काम करणाऱ्याला तिथे कुणीतरी रेषेबद्दल, रंगाबद्दल ‘वा’ म्हणतं, नवीन काही दिसतं, हुरूप येतो. रविवारी सकाळी गोदाघाटावर स्केचबुक घेऊन बसणाऱ्या मंडळींत जा, ओळखी होतील. तरी देशभरातल्या इलस्ट्रेटरांशी रोज होणारी गाठ त्यातून भरून निघणार नाही. हीच गोष्ट तुम्हाला सर्वात प्रिय असेल, तर धंद्याचं नाव नसलेलं, कुणाला न सांगितलेलं दुसरं लहान खातं काढा आणि फक्त पंधरा-वीस आवडत्या लोकांना फॉलो करा. मला स्वतःला ते जमत नाही, पण जमणारे पाहिलेत.

हे सगळं करूनही संक्रांतीला तुमचं मन ‘पुसूनच टाकायचं’ म्हणत असेल, तर पुसा, पण क्रमाने. आधी सेटिंगमधून स्वतःची सगळी माहिती डाउनलोडला मागवा. वाचायची असेल तर एचटीएमएल हा पर्याय निवडा. फाईल तयार व्हायला वेळ लागू शकतो आणि लिंक थोडेच दिवस चालते, त्यामुळे आली की लगेच उतरवून घ्या. त्या फोटोंवर मूळ काम म्हणून विसंबू नका, इन्स्टाग्राम ते १०८० पिक्सेल रुंदीला आणून ठेवतं. मूळ फाईली तुमच्या हार्ड डिस्कवर आहेत ना ते तपासा. डीएममधली मंजुरी, ठरलेली रक्कम, ‘फायनल आहे, छापा’ असे मेसेज वेगळे काढून ठेवा, वाद झाला तर तेच कामाला येतात. तात्पुरतं बंद करणं आणि कायमचं काढणं हे दोन वेगळे पर्याय आहेत. काढायचा अर्ज केल्यावर ३० दिवस मागे फिरता येतं, त्यानंतर नाही. सगळी माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमचं हँडल नंतर दुसरं कुणी घेऊ शकतं हेही लक्षात ठेवा. त्या नावाने कुणी तुमच्या जुन्या ग्राहकाकडे क्यूआर पाठवून ॲडव्हान्स मागितला, तर निस्तरायला तुम्हालाच लागेल. माझ्या मते खातं न पुसण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

आणि ज्या व्यावसायिकांची पानं तुम्ही सांभाळता, त्यांचं आधी मिटवा. पुष्कळदा फेसबुक पेजची पूर्ण परवानगी एकट्या डिझायनरच्या वैयक्तिक खात्यावर असते, आणि इन्स्टाग्रामचा ओटीपी तिच्याच नंबरवर येतो. तुम्ही आपलं खातं काढायच्या आधी प्रत्येक पेजवर मालकाला स्वतःला पूर्ण ताबा द्या, ओटीपीचा नंबर आणि ईमेल त्यांचा करा, जाहिरातींना जोडलेलं कार्ड तुमचं असेल तर काढा. मग त्यांच्या समोर बसून, त्यांच्या फोनवरून एकदा लॉगिन होतंय का ते बघा, आणि झालं की ‘ताबा मिळाला’ एवढं त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.